तीन तेलाची, तीन बिनतेलाची

माझ्या मुलीनं मला न विचारता वर्गात हात वर केला, तिथून हे सुरू झालं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा लंडनच्या कडेला पिनरला राहत होतो आणि ती आठ वर्षांची होती. तिच्या वर्गात उबवणी यंत्रात बदकांची अंडी ठेवली होती, त्यातून ईस्टरच्या सुट्टीच्या अगदी तोंडावर सहा पिल्लं बाहेर आली. सुट्टीनंतर त्यांना एका फार्मवर पाठवायचं ठरलं होतं, पण मधले दोन आठवडे त्यांना सांभाळणार कोण, असं तिच्या टीचरनी विचारलं. एरवी वर्गात तोंड न उघडणारी आमची कन्या म्हणाली, मी नेते, माझी आई सायंटिस्ट आहे.

सायंटिस्ट म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते. पुण्यात मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि दोन वर्षं कॉलेजात शिकवलंही होतं. लग्न होऊन इंग्लंडला आले. नवरा हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर, त्याच्या ड्यूट्या सांभाळून मला जमेल अशी नोकरी एकच मिळाली, एका सेकंडरी शाळेत लॅब टेक्निशियनची. बीकर धुवायचे, बन्सन बर्नरच्या नळ्या तपासायच्या, बुचरकडून आणलेले बैलाचे डोळे ट्रेमध्ये मांडून ठेवायचे. मग माझ्याहून दहा वर्षांनी लहान टीचर येऊन ते मुलांना समजावून सांगायचा, आणि चुकीचं सांगायचा. मी मागे उभी राहून दातओठ खायची. आठवड्यातून दोनदा तरी घरी आल्यावर मी याच विषयावर नवऱ्याचं डोकं खात असे.

घरात तेव्हा सासूबाईही होत्या. जानेवारीत त्या पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं परतीचं तिकीट घेऊनच. लंडन बघायची त्यांना काडीची हौस नव्हती. त्यांना नात हवी होती. ती तीन वर्षांची असताना आम्ही पुण्याला गेलो होतो, तेव्हा महिनाभर त्यांच्या मांडीवरून उतरत नव्हती. तेवढ्या भांडवलावर बाई एवढ्या लांब आल्या होत्या. इथे त्यांना भेटली ती गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातलेली, ‘हॅलो आजी’ म्हणून टीव्हीसमोर जाऊन बसणारी एक सभ्य मुलगी. फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी तिच्या डोक्याला खोबरेल तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालून दिल्या. सोमवारी शाळेत एका मुलीनं तिच्याकडे बघून नाक दाबलं. त्यानंतर आजीनं कंगवा हातात घेतला की ही वरच्या मजल्यावर पळायची.

तरी शाळा सुटायच्या वेळेला सासूबाई पुढच्या खिडकीशी उभ्या राहायच्या, आणि मुलगी फाटकाशी दिसली की लगबगीनं आत जाऊन काहीतरी कामात असल्यासारखं करायच्या. मला ते बघवायचं नाही. थोडी चीडही यायची. आजी आहात, हक्कानं जवळ ओढा की तिला, असं वाटायचं.

अशा घरात पिल्लं आली. केळ्यांच्या खोक्यात, लाकडाच्या भुश्यावर, सोबत शाळेनं दिलेला लाल उष्णतेचा दिवा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खोकं ठेवलं आणि तासाभरात घराला ओल्या भुश्याचा आणि शिटेचा वास लागला. नवरा म्हणाला, हॉस्पिटलात यापेक्षा बरा वास असतो. मी मात्र खुर्ची ओढून खोक्यापाशीच बसले. किती वर्षांनी जिवंत काहीतरी बघत होते! खाताना प्रत्येक घासाला पाण्यात चोच बुडवायची, हे त्यांना कुणी शिकवलं? झोपताना सहाही जणं एकमेकांच्या अंगावर पडून झोपायची, आणि मधलं जे गरमीनं वैतागायचं ते उठून सगळ्यांना तुडवत कडेला यायचं. मी एक वही काढली आणि लिहायला लागले.

दुसऱ्या दिवशी खोकं साफ करताना पिल्लं फरशीवर सोडली, तर सहाच्या सहा सासूबाईंच्या मागे. पातळाचा काठ फरशीवर हलायचा, त्याच्या मागे रांग लावून ती ओट्यापर्यंत जायची, तिथून फ्रिजपर्यंत, परत ओट्यापर्यंत. सासूबाई थांबल्या की थांबायची. त्यांच्या जाड लोकरी मोज्यांवर चढून बसायची. मुलगी हे बघून जमिनीवर लोळून हसली. मग तिनं विचारलं, “आजी, ते तुझ्या मागे का जातात?” तीन महिन्यांत तिनं आजीला आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न. सासूबाई म्हणाल्या की त्यांना वाटतं मी त्यांची आई. मी लगेच इम्प्रिंटिंगवर, म्हणजे जन्मल्यावर जे हलताना दिसेल त्याला आई मानण्यावर, भाषण सुरू केलं. दोघींनीही ऐकलं नाही.

टीचरनी पोहण्याबद्दल एक कागद दिला होता. मी तो सासूबाईंना मराठीतून वाचून दाखवला. पाणी कोमट आणि उथळ असावं. एका वेळी पाच मिनिटांच्या वर नाही. पिल्लांना आपलं आपण बाहेर पडता यावं अशी उतरण असावी. सगळा वेळ कुणीतरी मोठं माणूस हजर हवं, आणि बाहेर काढलं की पुसून लगेच दिव्याखाली. शेवटी खाली रेघ मारून लिहिलं होतं की या पिल्लांना आई नाही, म्हणून त्यांच्या पिसांना पाण्यापासून संरक्षण नाही. ती भिजतात, गारठतात आणि बुडूही शकतात. बदक बुडतं हे ऐकून सासूबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला, जणू मीच काहीतरी चुकीचं वाचलं.

पोहण्याचं खातं त्यांनी आपण होऊन स्वतःकडे घेतलं. आमच्या बाथटबावर त्यांचा आल्या दिवसापासून राग. त्या टबात बादली ठेवून तांब्यानं आंघोळ करायच्या. आता तीच बादली पालथी घालून टबापाशी त्यांचं आसन झालं. टबात चार बोटं पाणी, ते कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या बाळाच्या पाण्यासारखं. उतरण म्हणून त्यांनी माझा पोळपाट आणला, त्याला टॉवेल गुंडाळला आणि टबात तिरका टेकवला. मी म्हटलं, अहो आई, त्यावर उद्या पोळ्या लाटायच्यात. त्या म्हणाल्या, धुता येतो.

मुलीकडे अंडी उकडायचा टायमर. रोज सकाळी एकदा, दुपारी एकदा, पाच मिनिटं. पिल्लं पाण्यात पडली की वेडी व्हायची. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बाणासारखी जायची, डोकं खाली घालून बुडी मारायची, आणि तिसऱ्या मिनिटाला हळूहळू मंद पडायची. लव भिजून काळपट दिसायला लागायची. चौथ्या मिनिटाला पहिलं पिल्लू पोळपाटावर चढायचं. ते टॉवेलात घेऊन पुसणं हे सासूबाईंचं काम. मोजणं मुलीचं. आधी ती वन, टू करायची, नंतर आजीबरोबर एक, दोन करायला लागली. पिल्लं पुसताना तिचं डोकं आजीच्या खांद्याला टेकलेलं असायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी वर गेले तर ती बादलीपुढे पाठ करून बसली होती आणि सासूबाई तिची वेणी घालत होत्या. बिनतेलाची. मी पाऊल न वाजवता खाली आले. मला फार बरं वाटलं.

इथवर सगळं नीट चाललं होतं. पण माझ्या डोक्यात किडा शिरला होता. पार्कातल्या तळ्यावरची पिल्लं ह्यांच्याच वयाची, ती दिवसभर थंडगार पाण्यात असतात, मग ती कशी भिजत नाहीत? आम्ही तिघी तळ्यावर गेलो. मी तासभर काठाला उभी राहून बघितलं. मादी थोड्या थोड्या वेळानं शेपटीच्या मुळाशी चोच घासायची आणि मग ती चोच अंगभर फिरवायची. पिल्लं बाहेर आली की त्यांना पंखाखाली घ्यायची. मला पाठ केलेलं सगळं आठवलं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. आईच्या अंगाचं तेल पिल्लांच्या लवेला लागतं. आमच्या सहा जणांना आई नाही म्हणजे तेल नाही.

रात्री जेवताना मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. एरवी कुणी न ऐकणाऱ्या बाईला श्रोते मिळाले होते, मी काय सोडते? मग मला ती कल्पना सुचली. आपल्यात बाळाला तेल लावल्याशिवाय न्हाऊ घालत नाहीत, मग या बाळांना आपणच तेल लावलं तर? नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. ताटातला हात थांबवून त्या म्हणाल्या, “नको गं. आपलं तेल अंगात जिरायला असतं, पाणी थांबवायला नसतं. त्यांच्या आईचं तेल निराळं.”

ज्या बाईनं चार स्वतःची आणि नात्यातली पंधरावीस बाळं मालिश करून मोठी केली होती, तिचं हे म्हणणं होतं. मी मनात म्हटलं, यांचा रसायनशास्त्राशी काय संबंध? तेल आणि पाणी एकत्र होत नाही, हे तर सातवीतल्या मुलाला कळतं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी सासूबाई आणि मुलगी तळ्यावर गेल्या. आता त्या दोघीच जायच्या, मला कुणी विचारतही नव्हतं. घरात मी आणि सहा पिल्लं. मी खोबरेलाची बाटली काढली. इंग्लंडात ते तेल बाराही महिने थिजलेलं, म्हणून आम्ही बाटली गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवायचो. चमचाभर तेल तळव्यांवर चोळलं आणि तीन पिल्लांच्या अंगावर हात फिरवला. तीनच. बाकीची तीन तशीच ठेवली, तुलनेला. प्रयोग म्हटला की शिस्त हवी. कुठली तीन हे ओळखायला पायाला लोकर बांधावी असं मनात होतं, पण त्याची गरज पडली नाही. तेल लावलेली तिघं पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या मुलांसारखी चापूनचोपून दिसत होती.

टब भरला. चार बोटांऐवजी वीतभर, कारण तरंगण्याची पातळी मोजायची तर पाणी खोल हवं. पोळपाट लावला नाही, तो मध्ये आला असता. बादलीवर वही घेऊन बसले आणि सहाही सोडली.

पहिल्या अर्ध्या मिनिटात तेलाच्या पिल्लांच्या पाठीवरून पाण्याचे थेंब खरंच ओघळून गेले. मी खुशीत येऊन तसं लिहिलंसुद्धा. मग त्यांनी एकेक बुडी मारली. वर आली तेव्हा लवेच्या दोऱ्या झाल्या होत्या आणि दोऱ्यांच्या मधून गुलाबी कातडी दिसत होती. बिनतेलाची तिघं उंच तरंगत होती. तेलाची खाली गेली होती, शेपट्या पाण्यात, मग पाठी पाण्यात. मला कळलं की काहीतरी उलटं घडतंय. त्याच क्षणी हात घालायला हवा होता. पण उलटं का घडतंय हे मला बघायचं होतं. मी अजून अर्धं मिनिट बघत राहिले. घड्याळ समोर होतं, म्हणून इतकं नक्की सांगू शकते. एका पिल्लाची फक्त मान वर राहिली, मग चोच, मग तीही नाही.

मी तिघांना उचललं. दोन थरथरत होती. तिसऱ्याची मान माझ्या हातावरून लोंबत होती, पण छाती हलत होती. बिनतेलाची तीनही काढून फरशीवर सोडली, या तिघांना टॉवेलात गुंडाळून खाली धावले, दिव्याखाली ठेवलं आणि हॉलमधून जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरची बाई हळू, गोड आवाजाची होती. तिनं विचारलं, अंगावर तेल कसं आलं?

मागचं दार उघडल्याचा आवाज मी ऐकला होता. दोघी तळ्यावरून परत आल्या होत्या आणि हॉलच्या दाराशी उभ्या होत्या, हे मला दिसत होतं. तरी मी इंग्रजीत म्हणाले, “माझ्या सासूबाईंनी लावलं. आमच्यात पद्धत आहे तशी.”

हे मी का म्हणाले याचा मी खूप विचार केला आहे. एक इंग्लिश बाई मला विचारत होती आणि मला मूर्ख दिसायचं नव्हतं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं बदकाच्या पिल्लाला खोबरेल चोळलं, हे तिला पटलं नसतं. साडीतल्या म्हातारीनं चोळलं हे लगेच पटलं. ती म्हणाली, “ओह, ब्लेस हर.” मग तिनं सांगितलं, कोमट पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड घालून तेल काढा, दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडी करून उबेत ठेवा.

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले तोवर सासूबाईंनी कामाला सुरुवात केली होती. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. पण तीन महिन्यांत ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे आपण हे त्या शिकल्या होत्या, आणि ‘ऑइल’ न कळायला काय झालं? मी धुऊन देत होते, त्या पुसत होत्या. तवा गॅसवर ठेवून त्यांनी जुन्या सुती साडीच्या घड्या त्यावर गरम केल्या. प्रत्येक घडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि मग पिल्लाला शेक द्यायच्या. तासाभरात दोन पिल्लं उभी राहिली. तिसरं त्यांच्या तळव्यावर होतं. त्यांनी त्याला पोलक्याशी धरलं, परत शेकलं, परत धरलं. चारच्या सुमाराला त्या म्हणाल्या, गेलं.

मुलगी एवढा वेळ खोक्यापाशी बसून होती. ती उठली आणि आजीसमोर येऊन उभी राहिली. “आजी, तू तेल लावला त्यांना?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वेळ होता, अगदी भरपूर. मी सिंकमधल्या पाण्याकडे बघितलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं.”

मुलगी रडली नाही. ती पिल्लाला हातात घेऊन बागेत गेली आणि तिनं एकटीनं खड्डा खणला. आजी मदतीला गेली तर म्हणाली, “डोंट टच हिम.”

ती बागेत असताना मी सासूबाईंना विचारलं, आई, तुम्ही हो का म्हणालात? त्या तव्यावरचं फडकं झटकून घडी घालत होत्या. अजिबात रागावलेल्या नव्हत्या, ते मला जास्त लागलं. म्हणाल्या, “ती माझ्यावर रुसली तर मी जूनमध्ये जाणारच आहे. तुझ्यावर रुसली तर तिनं जायचं कुठं?”

मी म्हटलं, मी उद्या तिला खरं सांगते. त्या बरं म्हणाल्या. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही लपवत नाही. आणि उद्या आला तेव्हा मी सांगितलं नाही. मग पिल्लं परत द्यायचा दिवस आला. शाळेच्या फाटकाशी मुलीनं टीचरना आजीची गोष्ट सांगितली. टीचरनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि प्रत्येकाच्या पद्धती निराळ्या असतात, वाईट वाटून घेऊ नका, असं काहीतरी म्हणाल्या. मी मान हलवली. एकदा मान हलवल्यावर पुढचं सगळं सोपं झालं.

सासूबाई ठरल्या दिवशी गेल्या. हीथ्रोवर मी ढकललं म्हणून मुलीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि काढले. पुढच्या वर्षी थंडीत पुण्याहून फोन आला. झोपेतच गेल्या. नवरा एकटा जाऊन आला.

मला मात्र तो किडा सोडत नव्हता. आमच्या शाळेच्या लायब्ररीत, नंतर मोठ्या लायब्ररीत मी पक्ष्यांवरची पुस्तकं धुंडाळली. उत्तर मिळालं ते असं की पाणी तेलानं नाही, मुख्यतः हवेनं अडतं. लवेच्या बारीक तंतूंच्या जाळीत हवा धरलेली असते, त्या हवेवर बदक तरंगतं. ग्रंथीचं तेल ती जाळी मऊ आणि धड ठेवतं, तेही अगदी नावाला. आपलं जेवणातलं, डोक्याचं तेल लागलं की तंतू एकमेकांना चिकटतात, जाळी मोडते, हवा निघून जाते आणि पाणी थेट कातडीला भिडतं. वाचताना मला आधी आनंद झाला, काय सुंदर रचना आहे! मग आठवलं की हे एका बाईनं मला ताटावर बसून एका वाक्यात सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुलगी सतरा वर्षांची झाली. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं. युनिव्हर्सिटीच्या फॉर्मबरोबर स्वतःबद्दल एक पान लिहून द्यायचं असतं. हा विषय का निवडला, त्याकडे कशी वळलात, वगैरे. एका शनिवारी सकाळी ती ते पान घेऊन माझ्याकडे आली. स्पेलिंग बघ म्हणाली. मी चष्मा लावून वाचायला लागले. पहिल्याच परिच्छेदात ती सहा पिल्लं होती. तिनं छान लिहिलं होतं: मी आठ वर्षांची असताना माझ्या आजीनं अज्ञानातून, पण प्रेमानं, एका पिल्लाचा जीव घेतला. प्रेम पुरेसं नसतं, ज्ञान लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझी आई सायंटिस्ट आहे, तिनं बाकीची दोन वाचवली.

मी ते दोनदा वाचलं. एवढी वर्षं ही गोष्ट घरातल्या घरात होती, फार तर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला चार लोकांत हसण्यापुरती. मी त्या हसण्यात सामील व्हायचे. आता ती टाइप होऊन पाच युनिव्हर्सिट्यांना जाणार होती आणि त्यावर माझ्या मुलीचं आयुष्य उभं राहणार होतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हे असं झालं नव्हतं. तेल मी लावलं. आजी नको म्हणाली होती. मी सगळं सांगितलं. वही, वीतभर पाणी, अर्धं मिनिट, फोन. कुठेही स्वतःला वाचवलं नाही, निदान तसा प्रयत्न केला.

ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं कागद ओढून घेतला आणि पहिला परिच्छेद परत वाचला. मग तिनं विचारलं, “आजी कधी गेली परत? इंडियाला?”

मी म्हटलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात.

“म्हणजे सात वीक्स,” ती म्हणाली. “मी सात वीक्स तिला हात लावू दिला नाही. ती रोज वेणीचं विचारायची. रोज, आई.” तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. “आणि तू काय करत होतीस?”

“बघत होते,” मी म्हणाले.